दरबाराने सोडलं नाही तो संगीतकार: क्रिस्टोफ ग्राउपनर

बाखचं कुठलंही चरित्र उघडा, त्यात ग्राउपनर एका परिच्छेदात येतो आणि जातो. जर्मनीतल्या लाइपझिगच्या थॉमस चर्चची संगीतप्रमुखाची जागा रिकामी झाली, आधी टेलेमान या नावाजलेल्या संगीतकाराला विचारलं, तो आला नाही, मग ग्राउपनरला विचारलं, त्याला त्याच्या राजाने सोडलं नाही, मग नाइलाजाने बाख. झालं, संपला माणूस. पुढे चारशे पानं बाख. मला यात बाखबद्दल काही म्हणायचं नाहीये, बाख तो बाखच, पण गेले बरेच महिने मी रोज रात्री ग्राउपनरच ऐकतोय आणि आता त्या एका परिच्छेदाचा मला खरंच राग यायला लागलाय. या माणसाने पन्नासेक वर्षं एका गावात बसून जे काही लिहून ठेवलंय ते एवढं प्रचंड आणि एवढं वेगळं आहे की त्याला दुसऱ्याच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून ओळखणं हा अन्याय आहे.

तर सुरुवातीपासून सांगतो. जन्म १३ जानेवारी १६८३, सॅक्सनीतल्या किर्शबर्ग नावाच्या छोट्या गावात. म्हणजे बाख आणि हँडल यांच्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठा. गावातल्या ऑर्गनिस्टने पोराचा कान ओळखला, तो दुसऱ्या गावी गेला तेव्हा हा पण त्याच्या मागोमाग शिकायला गेला, आणि मग १६९६ मधे थेट लाइपझिगच्या थॉमस शाळेत. हीच ती शाळा जिथे पुढे बाख शिकवणार होता. तिथे योहान कुहनाउकडे तो कीबोर्ड आणि कंपोझिशन शिकला, गुरूच्या कामाच्या नकला उतरवून देता देता शिकला, जी त्या काळची शिकण्याची सगळ्यात पक्की पद्धत होती. शाळेत योहान डेव्हिड हाइनिशेन बरोबर होता, पुढे टेलेमान भेटला आणि त्याच्याशी आयुष्यभराची मैत्री झाली. नंतर विद्यापीठात कायद्याचा अभ्यास सुरू केला, पण १७०६ मधे स्वीडनचं सैन्य सॅक्सनीत घुसलं आणि सगळी घडी विस्कटली. ग्राउपनर उठला आणि हँबुर्गला गेला.

आता हँबुर्गला जागा कशी मिळाली ते बघा, मला हा किस्सा फार आवडतो. ल्युबेकला बुक्स्टेहुडं नावाचा म्हातारा आणि फार मोठा ऑर्गनिस्ट होता, त्याच्या जागेवर जो येईल त्याने त्याच्या मुलीशी लग्न करायचं अशी अट होती. हँडल आणि त्याचा संगीतकार मित्र माटेसन १७०३ मधे बघून आले होते, अट कळल्यावर परत फिरले. शेवटी हँबुर्गच्या ऑपेरामधे हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं तारांचं कीबोर्ड वाद्य) वाजवणारा शीफरडेकर तयार झाला, तो ल्युबेकला गेला, लग्न केलं, आणि हँबुर्गची त्याची खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीवर ग्राउपनर बसला. हे गेन्सेमार्क्टवरचं ऑपेरा हाऊस म्हणजे तेव्हा जर्मनीतलं सगळ्यात जिवंत थिएटर, तिकीट काढून कोणीही जाऊन बसावं असं, आणि राइनहार्ड कायझर तिथला बडा माणूस. ग्राउपनरने तिथे तीनेक वर्षांत ‘डीडो’ (१७०७), ‘अँटिओकुस उंड श्ट्राटोनिका’ (१७०८) असे ऑपेरा लिहिले. अँटिओकुसचं रेकॉर्डिंग बॉस्टनच्या अर्ली म्युझिक फेस्टिव्हलवाल्यांनी केलेलं आहे, ते ऐकलं की लगेच कळतं की पंचविशीतल्या या पोराला स्टेज कळत होतं, कुठे थांबायचं, कुठे गायकाला एकटं सोडायचं. हे ‘एकटं सोडणं’ पुढे त्याच्या चर्चच्या संगीतात सारखं भेटत राहतं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

हेस-डार्मस्टाटचा लँडग्राफ, म्हणजे तिथला संस्थानिक, अर्न्स्ट लुडविग हँबुर्गला आला, त्याने ग्राउपनरचं काम ऐकलं आणि १७०९ मधे त्याला उचलून आपल्याकडे नेलं. हा राजा नुसता हौशी नव्हता, स्वतः कंपोज करायचा, फ्रेंच संगीताचं वेड, ऑपेराचं वेड, शिकारीचं वेड, आणि ही सगळी वेडं एका छोट्या संस्थानाच्या तिजोरीला परवडणारी नव्हती. १७११ मधे थिएटर सुरू झालं ते ग्राउपनरच्याच ऑपेराने, आणि १७१९ च्या सुमारास पैसे संपले म्हणून ऑपेरा बंद. ग्राउपनर तोवर कापेलमाइस्टर, म्हणजे दरबारी संगीताचा मुख्य झाला होता. पगार थकायला लागले होते, वादक सोडून चालले होते. लग्न झालेलं, घरात पोरंबाळं.

अशा वेळी लाइपझिगची जागा निघाली. जून १७२२ मधे तिथला संगीतप्रमुख कुहनाउ वारला, ग्राउपनरचा स्वतःचा गुरू. टेलेमानची निवड झाली पण त्याने ती ऑफर दाखवून हँबुर्गमधे पगार वाढवून घेतला आणि तिथेच राहिला. मग ग्राउपनरने अर्ज केला. याचं सगळंच जुळत होतं, त्याच शाळेचा विद्यार्थी, कुहनाउचा शिष्य, दरबाराचा अनुभव. १७ जानेवारी १७२३ ला त्याने लाइपझिगमधे परीक्षेसाठी दोन कॅन्टाटा, म्हणजे चर्चमधे गायच्या रचना, सादर केल्या. एक ‘लोबेट डेन हेर्न आल्लं हाइडन’, सगळ्या राष्ट्रांनो देवाची स्तुती करा, आणि दुसरी ‘आउस डेर टीफन रूफन वीर’, आम्ही खोल गर्तेतून हाक मारतोय. एकाच दिवशी एक उजेडाची आणि एक अंधाराची. दोन्ही लागोपाठ ऐका, त्यातही दुसरी आधी निवांत ऐका. तिच्यात कसली घाई नाही, परीक्षा देतोय म्हणून विद्वत्ता दाखवायचा आटापिटा नाही. माणूस खाली बसलाय आणि वर बघतोय, एवढंच, पण ते एवढंच इतकं नेमकं झालंय की परीक्षकांनी लगेच होकार का दिला ते समजतं.

पण अर्न्स्ट लुडविगने त्याला सोडलं नाही. सोडायचं नाही म्हणजे नाहीच, त्या काळी दरबाराचा नोकर राजीनामा ठेवून निघून जाऊ शकत नव्हता, रजा द्यायची की नाही हे धनी ठरवायचा. (बाख स्वतः १७१७ मधे वायमारहून निघायचा हट्ट धरला म्हणून जवळपास महिनाभर तुरुंगात होता, हे आठवा.) मात्र लँडग्राफने नुसतं अडवलं नाही, पगार वाढवला आणि थकलेले पैसे द्यायची सोयही केली. ग्राउपनर राहिला. आणि ४ मे १७२३ ला त्याने लाइपझिगच्या कौन्सिलला एक पत्र लिहिलं, तोवर त्यांनी बाखला निवडलेलं होतं, त्यात त्याने बाखबद्दल लिहिलंय की हा माणूस ऑर्गनवर जितका ताकदीचा तितकाच चर्चच्या आणि दरबाराच्या संगीतातही मुरलेला आहे, तुमचं काम नीट आणि सचोटीने करेल. हातातली जागा गेल्यावर तिथे येणाऱ्या माणसाबद्दल असं लिहायला मन लागतं. लाइपझिगच्या एका कौन्सिलरचं वाक्य नेहमी सांगतात, की सर्वोत्तम मिळत नाहीत तर मध्यम घ्यावे लागतील, त्याचा रोख बाखच्या संगीतावर होता की शाळेत लॅटिन शिकवण्याच्या प्रश्नावर, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण ग्राउपनरच्या पत्रात कसलीच संदिग्धता नाहीये. त्याने बाखला ओळखलं होतं.

पुढचा भाग चरित्रकारांना कंटाळवाणा वाटतो कारण त्यात काही ‘घडत’ नाही. माझ्या मते खरा ग्राउपनर इथे सुरू होतो.

डार्मस्टाटच्या राजवाड्यातल्या चर्चमधे दर रविवारी आणि दर सणाला नवीन कॅन्टाटा लागायची. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे कीर्तनात एक अभंग घेऊन निरूपण, मधे पद, परत निरूपण असं चालतं ना, साधारण तसं, बायबलचं वचन, मग बोलल्यासारखं गायलेलं रेसिटेटिव्ह, मग आरिया, शेवटी सगळ्यांच्या ओळखीचं भजन म्हणजे कोराल. ग्राउपनरने अशा १४०० च्या वर कॅन्टाटा लिहिल्या, आणि त्या नुसत्या लिहिल्या नाहीत तर आज त्या आपल्याकडे आहेत, १४१८ असा आकडा देतात. बाखच्या दोनशेच्या आसपास उरल्यात. शिवाय ११३ सिम्फनी, चाळीसच्या वर काँचेर्टो, ऐंशीच्या वर सुइट (नाचांच्या चालींची माळ), ट्रायो सोनाटा, हार्पसिकॉर्डच्या पार्टिटा, म्हणजे पुन्हा सुइटच. सुरुवातीची बरीच वर्षं गोटफ्रीड ग्र्यूनेवाल्ड नावाचा जुना मित्र त्याचा सहायक होता, दोघं आळीपाळीने रविवार वाटून घ्यायचे, १७३९ मधे तो गेला आणि भार ग्राउपनरवर आला. माटेसनने १७४० मधे संगीतकारांची चरित्रं छापली त्यात ग्राउपनरने स्वतःबद्दल लिहून पाठवलंय, त्यात तो म्हणतो की कामाचा इतका बोजा आहे की दुसरं काही करताच येत नाही, एक रविवार संपतो तोवर दुसरा हात पुढे करून उभा असतो. तक्रारीचा सूर आहे पण मला त्यात एक प्रकारचा अभिमानही ऐकू येतो.

इतकं लिहिलंय म्हणजे साच्यातून काढलं असणार असं कोणालाही वाटेल, आणि काही कॅन्टाटा घाईतल्या आहेतच, ते मान्य. पण मग अचानक एखादी अशी येते की हातातलं काम थांबतं. त्याला वाद्यांच्या रंगाचं विलक्षण वेड होतं. शालुमो म्हणून एक वाद्य होतं, क्लॅरिनेटचा पूर्वज म्हणा, एका काडीचं, खालच्या पट्टीत घोगरं आणि मऊ, बाकीच्यांनी ते कधीमधी चवीपुरतं वापरलं, ग्राउपनरने १७३४ नंतर ते कितीतरी कॅन्टाटांमधे वापरलं, कधी कधी दोन-दोन तीन-तीन शालुमो एकत्र. त्यावर व्हायोला दामोरे, ज्यात वाजवायच्या तारांखाली आपल्या सतारीच्या तरफांसारख्या झंकारणाऱ्या तारा असतात, त्यावर फ्लूट दामोरे, हॉर्न. आणि टिंपनी! बाकीचे संगीतकार दोन टिंपनीवर भागवायचे, षड्ज आणि पंचम म्हणू आपण, हा एका सिम्फनीत सहा वापरतो, म्हणजे नगारा नुसता ठेका न धरता चक्क सुरात हिंडतो. अठराव्या शतकातला हा प्रकार आहे हे कोणाला न सांगता ऐकवलं तर विश्वास बसणार नाही. अर्न्स्ट लुडविगनंतर आलेला मुलगा लुडविग आठवा शिकारीचा आणखी शौकीन, आणि हॉर्न मुळात शिकारीचंच वाद्य, त्यामुळे हॉर्नची कमी कधी नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची शांतता. बाख सतत काहीतरी विणत असतो, चार आवाज चारी बाजूंनी, एक संपायच्या आत दुसरा. ग्राउपनर जागा सोडतो. व्हायोलिन नुसतं एकाच सुरावर हळूहळू ठोके देत राहतात, खाली बास एखादाच स्वर टाकतो, वर गायिका दोन शब्द म्हणते आणि थांबते, आणि त्या थांबण्यात पुढचा सूर कुठे जाणार हे आपल्याला कळत नाही, आणि तो हमखास वेगळीकडेच जातो. आणि गायिकाच बरं का, लाइपझिगच्या चर्चमधे मुलं गायची, डार्मस्टाटच्या दरबारी चर्चमधे ऑपेरातून आलेल्या बायका गायच्या. तो आवाज डोक्यात ठेवून त्याने लिहिलंय हे कळतं.

हा फरक स्वतःच्या कानाने तपासायचा असेल तर एक फार सुंदर सोय इतिहासाने करून ठेवली आहे. डार्मस्टाटचा दरबारी कवी आणि ग्रंथपाल गेऑर्ग क्रिस्टियान लेम्स याने १७११ मधे कॅन्टाटांच्या शब्दांचं एक पुस्तक काढलं. त्यातली ‘माइन हेर्त्सं श्विम्ट इम ब्लूट’, माझं काळीज रक्तात पोहतंय, ही रचना ग्राउपनरने १७१२ मधे लावली, आणि दोन वर्षांनी १७१४ मधे वायमारला बाखनेही लावली, तीच त्याची प्रसिद्ध १९९ नंबरची कॅन्टाटा. शब्द तेच, दोघांचंही सोप्रानोसाठी, दोघंही तिशीच्या आसपास. पापाच्या ओझ्याखाली दबलेला जीव सुरुवातीला आहे आणि शेवटी हलका होऊन नाचतो, असा प्रवास. मी दोन्ही लागोपाठ बऱ्याचदा ऐकल्या. बाखची जास्त श्रीमंत आहे, ओबो आणि आवाज एकमेकांत असे गुंततात की सोडवता येत नाहीत. ग्राउपनरची वाचाच बसलेली आहे. ती बाई खरंच बोलू शकत नाहीये असं वाटतं, ऑपेराच्या माणसाने लिहिलेलं दुःख आहे ते. कोणती मोठी हा प्रश्न मला पडत नाही, पण ग्राउपनरची ऐकल्याशिवाय बाखची पूर्ण कळली असं मी आता म्हणणार नाही.

लेम्स १७१७ मधे तरुणपणीच वारला, पुढे शब्द लिहायचं काम मुख्यतः योहान कोनराड लिख्टेनबर्ग या पाद्रीने केलं, जो ग्राउपनरचा साडू. हा लिख्टेनबर्ग चर्चच्या इमारतींचे आराखडेही काढायचा, आणि त्याचा मुलगा म्हणजे गेऑर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग, तो प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ, विजेच्या ठिणग्यांनी धुळीत उमटणाऱ्या झाडांसारख्या आकृत्यांना ज्याचं नाव आहे तोच.

कीबोर्डचं म्हणाल तर १७१८ मधे त्याने हार्पसिकॉर्डच्या आठ पार्टिटा छापल्या, आणि तांब्याच्या प्लेटवर स्वरलिपी कोरायचं कामही स्वतःच्या हाताने केलं. मग १७२२ मधे दर महिन्याला एक अशा बारा पार्टिटा, नावं जानेवारी, फेब्रुवारी अशीच. १७३३ मधे चार ऋतू, त्यातला फक्त हिवाळा उरलाय. एफ मायनरमधला हा हिवाळा कॅनडाच्या जेनेव्हिएव सोली यांनी वाजवलेला ऐका, या बाईंनी ग्राउपनरसाठी जेवढं केलंय तेवढं क्वचितच कोणी केलं असेल, मॉन्ट्रियलमधे बसून एकामागून एक अल्बम.

१७५४ मधे डोळे गेले. पंचेचाळीस वर्षं मेणबत्तीच्या उजेडात बारीक अक्षरात स्वरलिपी लिहून आणखी काय होणार. लिहिणं तिथे थांबलं, आणि १० मे १७६० ला तो वारला, ७७ वर्षांचा होऊन. त्याचं एकही चित्र नाही, त्याला चित्र काढून घ्यायचंच नव्हतं म्हणतात, आणि आपल्यामागे आपली हस्तलिखितं जाळून टाका असंही तो म्हणाल्याचं सांगतात.

ती जळली नाहीत. का नाही जळली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. घरच्यांना ती विकायची होती, दरबार म्हणाला की हे आमच्या नोकराने आमच्या पगारावर आमच्यासाठी लिहिलंय, माल आमचा. यावर कज्जा सुरू झाला. तो इतका चालला की निकाल १८१९ मधे लागला, दरबाराच्या बाजूने, म्हणजे मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. त्या साठ वर्षांत हे सगळे गठ्ठे राजवाड्यात पडून राहिले, कोणी वाजवले नाहीत, पण कोणी वाटून घेतले नाहीत, विकले नाहीत, रद्दीत घातले नाहीत. बाखच्या कॅन्टाटा मुलांमधे वाटल्या गेल्या आणि त्यातला मोठा भाग कायमचा हरवला. ग्राउपनर लाइपझिगला गेला असता तर त्याच्याही अशाच विखुरल्या असत्या, मला तरी हे जवळपास नक्की वाटतं. ज्या मालकी हक्काने त्याला १७२३ मधे जाऊ दिलं नाही त्याच मालकी हक्काने त्याचं काम वाचवलं. एका माणसाच्या इच्छेविरुद्ध झालेल्या दोन गोष्टी, आणि त्यांच्यामुळे आज मी हे ऐकतोय, याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. अन्याय अन्यायच होता. आणि तरी मी त्या राजाचा ऋणी आहे.

पुढे ११ सप्टेंबर १९४४ च्या रात्री डार्मस्टाटवर बॉम्ब पडले, राजवाडा जळाला, ग्रंथालयाची प्रचंड हानी झाली, हजारो माणसं गेली. हस्तलिखितं त्यातूनही वाचली.

आज ती डार्मस्टाटच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांनी स्कॅन करून सगळ्यांसाठी फुकट ठेवली आहेत. ज्यांना स्वरलिपी वाचता येत नाही त्यांनीसुद्धा एकदा उघडून बघा. अक्षर लहान, स्वच्छ, काटकसरीने कागद वापरलेला. त्याच्या कामाची जी सूची केली आहे तिचे नंबरही मस्त आहेत, परीक्षेच्या त्या दुसऱ्या कॅन्टाटाचा नंबर १११३/२३बी, यातलं १११३ म्हणजे चर्चच्या वर्षातला एपिफनीनंतरचा (६ जानेवारीच्या सणानंतरचा) दुसरा रविवार, २३ म्हणजे १७२३, आणि बी म्हणजे त्या दिवशीची दुसरी. एकदा ही चावी कळली की नुसत्या नंबरवरून कळतं की कुठल्या वर्षीच्या कुठल्या रविवारी हा माणूस काय लिहीत होता, आणि मग एकाच रविवारासाठी त्याने दहा वर्षांनी, वीस वर्षांनी काय वेगळं केलं ते शोधत बसायचं व्यसन लागतं.

छापील स्वरूपात १९२६ मधे फ्रीडरिश नोआक या अभ्यासकाने १७ कॅन्टाटा काढल्या होत्या, मग बराच काळ शुकशुकाट, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एकदम वेग आलाय. सोली आहेतच, बेल्जियमचे फ्लोरियान हायरिक आहेत, त्यांनी पॅशनच्या, म्हणजे येशूच्या यातनांवरच्या कॅन्टाटांची मालिका केली आहे. तरी १४०० मधल्या बहुतेक कॅन्टाटा आजही रेकॉर्ड झालेल्या नाहीत.

कुठून सुरुवात करायची असं कोणी विचारलं तर मी म्हणेन आधी ‘आउस डेर टीफन’, मग १७१२ ची ती सोप्रानोची कॅन्टाटा आणि तिच्या पाठोपाठ बाखची, मग सहा टिंपनीवाली सिम्फनी मोठ्या आवाजात, आणि रात्री उशिरा हिवाळ्याची पार्टिटा. ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी १७४३ ची ‘क्रुसावरची सात वचनं’, साठीतल्या ग्राउपनरची, आठवड्याला एक अशा हिशोबाने लिहिलेली कॅन्टाटांची माळ. मी सध्या तिथेच आहे, आणि त्यातली शालुमो असलेली पानं स्कॅनमधे शोधून रेकॉर्डिंगबरोबर बोट फिरवत ऐकतोय. कोणी हे आधी ऐकलं असेल किंवा आणखी कुठलं चांगलं रेकॉर्डिंग माहीत असेल तर जरूर सांगा, मला हवंय.